तक्ता तीनमधली माणसं

नियतकालिकाकडून निबंध परत आला, तो दोन तज्ज्ञांचे अभिप्राय घेऊनच. पहिल्यांचं म्हणणं, निबंध फार लांबला आहे, कापा. दुसऱ्यांचं म्हणणं, पार्श्वभूमी तोकडी आहे, वाढवा. पहिल्यांना वेल्हे तालुक्याचं बदललेलं नाव हवं होतं, दुसऱ्यांना पाहणी केली तेव्हाचं. मी दोन्ही कागद पलंगावर शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडचा वाचला, एकदा तिकडचा, आणि आईला म्हटलं, "ह्या दोघांनी आधी आपसांत भांडून घ्यावं, मग मला सांगावं." आई तांदूळ निवडत होती. "दोगंबी लई शिकल्यालं असत्याल," एवढंच ती म्हणाली.

मी भोरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. किकवीहून स्कूटरवर जाते-येते. घरात आई आणि मी. वडील गेले, भाऊ बायकोमुलांना घेऊन पुण्याला असतो, आणि मी नऊ वर्षांपूर्वी सासरहून आले ती आलेच. घटस्फोट वगैरे काही झालं नाही. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही. त्याच सुमाराला पीएच.डी.ला नाव घातलं. घालताना वाटलं होतं, चार वर्षांत उरकेल. आता शेवटची मुदतवाढही संपत आली होती. निबंध छापायला स्वीकारल्याचं पत्र जोडल्याशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता, आणि दुरुस्त निबंध पाठवायला मला तीन आठवडे दिले होते. ते हुकले की नोंदणी रद्द, आणि एवढ्या वर्षांचा खटाटोप पाण्यात.

निबंधाचा विषय होता वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्त्यांमधून होणारं स्थलांतर. वर शेरडं आणि म्हशी सांभाळणारी घरं आहेत, त्यांतली एक वस्ती मी घेतली होती. तेवीस घरं. दोन उन्हाळ्यांपूर्वी घरोघर फिरून मी फॉर्म भरले होते. माणसं किती, जनावरं किती, कोण कुठं कामाला. माझं म्हणणं साधं होतं, की तरुण माणसं खाली उतरली आणि वस्ती रिकामी झाली. नवीन काही नव्हतं, पण पाहणी माझी स्वतःची होती आणि त्याचा मला अभिमान होता.

एकमेकांविरुद्ध बोलणारे अभिप्राय कसेतरी निभावता आले असते. अडकवलं ते दुसऱ्या तज्ज्ञांच्या सातव्या मुद्द्यानं. त्यांनी लिहिलं होतं, "तक्ता तीन सांगतो की घरं माणसांनी भरलेली आहेत. मजकूर सांगतो की घरं ओस आहेत. लेखिकेने नेमके काय पाहिले?"

मी तक्ता तीन काढून पाहिला. खरंच, घरटी सहा-सात माणसं. पान उलटून मजकूर पाहिला. "बहुतेक घरांत केवळ वृद्ध जोडपी आढळतात." दोन्ही मीच लिहिलेलं. दोन्ही लिहिताना मला पक्की खात्री होती. तो सगळा कच्चा खर्डा मी चार वेळा वाचला होता, मार्गदर्शक सरांनी दोन वेळा वाचला होता, आणि कुणालाही हे दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला नेहमी जे होतं ते झालं, म्हणजे त्या तज्ज्ञांचाच राग आला.

सरांना पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, "अहो, लोकांनी बाहेर गेलेलेही सांगितले असतील. वजा करा आणि मोकळ्या व्हा."

वजा केलं. एक दुपार लागली. प्रत्येक फॉर्मवर कोण कुठं कामाला हे लिहिलेलंच होतं. पुण्याला असलेला वजा, टेम्पोवर असलेला वजा, बायकोमुलं बरोबर नेली असतील तर तीही वजा. तक्ता तीन झकास दिसायला लागला. घरटी दोन, कुठं तीन. मजकुराशी जुळला. मी चहा केला, आईलाही दिला.

मग तक्ता पाच समोर आला आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. तक्ता पाच म्हणजे जनावरं. चाळीस शेरडं, चार म्हशी, अशी घरं होती. आता त्या घरांत उरली होती सत्तरी ओलांडलेली दोन-दोन माणसं. एका घरात तर त्यांतला एक दम्यानं बेजार, दुसरीला डोळ्यांनी कमी दिसतं, हेही मीच टिपलेलं. चाळीस शेरडं रोज डोंगरात नेऊन परत आणायची, म्हशींना गवत कापायचं, पाणी वाहायचं, धारा काढायच्या. कोण करत होतं हे सगळं? पहिल्या तज्ज्ञांनी ह्याच तक्त्यावर बारीक अक्षरात "श्रमविभागणी?" एवढंच लिहून सोडलं होतं. तेव्हा मी त्याकडं दुर्लक्ष केलं होतं. आधी माणसं जास्त आणि घर रिकामं होतं, आता माणसं कमी आणि काम होऊन बसलेलं. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले.

दोन दिवस मी त्या आकड्यांशी झटापट केली. एकदा वाटलं, जनावरं फुगवून सांगितली असतील. पण जनावरं कुणी फुगवून सांगत नाही, असली त्याहून चार कमीच सांगतात, नजर लागते म्हणून. एकदा वाटलं, म्हातारी माणसं डोंगरावरची आहेत, काटक असतात. तसं एक वाक्य लिहूनही पाहिलं. वाचल्यावर स्वतःचीच कीव आली. वजाबाकी पुसली, पुन्हा केली. कुठला तक्ता खरा धरायचा ह्याचाच ठाव लागेना. आई म्हणाली, "बसून काय व्हतंय? ज्यांचं हाय त्यांना जाऊन इचार की." एवढं शिकलेल्या बाईला हे सुचू नये.

रविवारी सकाळी स्कूटर काढली. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले, पुढं डांबर संपलं तिथं गाडी लावली आणि तासभर चढून वस्तीवर पोचले. पहिलंच घर ते, दम्याचे बाबा आणि कमी दिसणाऱ्या मावशी. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेजारी गोठा. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

मी फॉर्म काढला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, "मावशी, घरात माणसं किती?"

त्यांनी बोटं मोजली. "आमी दोगं. थोरला, त्याची बायकू, त्याची दोन पोरं. धाकला. सात. मागं सांगितलं व्हतं न्हवं?"

"पन थोरला पुण्याला हाय ना? आनि धाकला टेम्पोवर?"

"हाय की."

"मग ते हितं न्हाईत."

"न्हाईत म्हंजी?" मावशींचा आवाज चढला. "घर कुनाचं हाय मग? पोटाला गेल्यात. जित्या मानसाला घरातनं वजा करत्यात व्हय? असलं वंगाळ बोलू न्हाई, बाई."

मी फॉर्म मांडीवर पालथा घातला. एक दुपारभर मी तेच केलं होतं, तेवीस घरांत, आणि वर चहा प्यायले होते.

"बरं, शेरडं कोन चारतं?" मी विचारलं.

"चारत्यात की."

"कोन पन? बाबांना तर दम लागतोय."

"आता त्येंच्यानं कुठं व्हतंय? ही नेती."

ही म्हणजे कोण, हे विचारायच्या आत गोठ्याच्या बाजूनं एक बाई आली. माझ्याच वयाची, पाच-सात वर्षं इकडंतिकडं. डोक्यावर गवताचा भारा. तिनं भारा टाकला, चुंबळ झटकली, घरात गेली आणि तांब्या भरून मला पाणी आणून दिलं. शेरडं अजून कोंडलेलीच होती, ती सोडायला ती वळली.

"ही कोन?"

"लेक हाय माजी."

"मग हिला का न्हाई धरलं?"

मावशींना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "लेकीला कशी धरायची? दिल्या घरची ती. तिकडं धरत्यात तिला."

"कवापास्नं हितं हाय?"

गोठ्याच्या दारातून तीच म्हणाली, "अकरा वर्सं झाली." मग कडी काढता काढता हसली. "तिकडं धरत्यात का न्हाई कुनाला ठावं. म्या काय बगाया गेल्ये?"

शेरडं बाहेर पडली आणि ती त्यांच्या मागं निघून गेली. मी हातात तांब्या धरून बसले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. मावशींनी खोटं काही सांगितलं नव्हतं. मी जे विचारलं त्याचं त्यांनी त्यांच्या रीतीनं चोख उत्तर दिलं होतं. घर ज्यांचं ती माणसं सात. घरात कोण राबतं, असं मी विचारलंच नव्हतं.

पिशवीत दोन उन्हाळ्यांपूर्वीची टिपणवही होती. ह्याच घराचं पान काढलं. माझ्याच अक्षरात होतं, "एका बाईने पाणी आणून दिले." पुढं म्हशींची संख्या. म्हणजे तेव्हाही ती आली होती, तेव्हाही मी तिच्या हातचं पाणी प्यायले होते, आणि एक बाई असं लिहून पुढं गेले होते. बाहेरचा कुणी असता, मुंबईचा, परदेशातला, तर त्यानं लगेच विचारलं असतं की ह्या कोण. मी विचारलं नाही, कारण मला ते विचारण्यासारखं वाटलंच नाही. लेक आलीय माहेरी, त्यात काय विचारायचं? आणि हे माझ्यासारखीला वाटावं! काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर मी स्वतःच कळसा होते.

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी मी सगळी घरं पुन्हा केली. घरात माणसं किती, हे विचारायचं सोडलं. विचारलं, "काल सांजच्याला हितं कोन कोन जेवलं?" लोकांना हा प्रश्न फारच संशयास्पद वाटला. एक म्हातारे म्हणाले, "जेवल्यालं कशाला पायजे सरकारला? रेशन कमी करताय व्हय?" एका घरी तर मला आधी जेवायला बसवलं, मग उत्तर दिलं, आणि उत्तरात मलाही धरलं. पण खरी उत्तरं यायला लागली. सहा घरांत अशी एकेक बाई निघाली, जी जेवली होती आणि मागच्या फॉर्मवर नव्हती. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा, कुणी नुसतीच परत आलेली. दहा-दहा वर्षं तिथं राहणाऱ्या. तक्ता पाचमधली चाळीस-चाळीस शेरडं ह्यांच्याच मागून जात होती.

मुदतीला सहा दिवस उरले होते. सरांना सांगितलं तर त्यांनी आधी किती घरांत, ते विचारलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण हा आता वेगळाच निबंध झाला. शीर्षक बदलेल, निष्कर्ष बदलेल. तुमच्याकडे वेळ कुठं आहे? मर्यादा ह्या भागात एक ओळ टाका, की काही सदस्यांची नोंद राहून गेली असू शकते. तज्ज्ञ समजून घेतील."

त्यांचंही चूक नव्हतं. ती ओळ मी लिहिली. "काही सदस्यांची नोंद राहून गेली असू शकते." लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली. त्या ओळीनं मी सुटत होते, प्रबंध जमा होत होता, नोकरीत कायम व्हायची निदान आशा उरत होती. सगळं नव्यानं मांडायला घेतलं आणि सहा दिवसांत झालं नाही, तर मी चाळिशीत पुन्हा कोरी. मी शीर्षकाखाली नवं शीर्षक लिहायची, मग जुनंच बरं वाटायचं. परिच्छेद कापून खाली न्यायची, खाली गेला की तो तिथं परका वाटायचा. आधी वाटायचं की माझा निबंध स्थलांतराचा आहे. मग वाटायला लागलं की जी माहेरी परत आली तिचं स्थलांतर कुणी लिहायचं? मग वाटायचं, तुला काय करायचंय, एक ओळ टाक आणि पाठव.

बुधवारी दुपारी आई पडवीत पावटे सोलत होती. मी शेजारी जाऊन बसले. का विचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित प्रश्न तपासून पाहायचा होता. कदाचित उत्तर माहीत होतं आणि ते खोटं निघावं असं वाटत होतं.

"आई, आपल्या घरात माणसं किती गं?"

"आपल्या?" तिनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "म्या. दादा तुजा, वैनी, दोन पोरं. पाच."

ती पुढची शेंग सोलायला लागली.

"आणि मी?"

"तू काय, तू हाईसच की."

"मग धर की मला."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कसलाही अपराधीपणा नव्हता, नुसता गोंधळ होता, मावशींच्या चेहऱ्यावर होता तसाच. "तुला तिकडं धरत्यात, बाये," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "लगीन झाल्याव हितं कसं धरायचं? तसं नसतं."

मला फार लागलं. नऊ वर्षं मी ह्या घराचं सामान आणते, तिला दवाखान्यात नेते, गळणारी कौलं मी बदलून घेतली. दादा दिवाळीला आणि जत्रेला येतो. हे सगळं मी बोलले असते, तोंडाशी आलं होतं. पण ती ते नाकारत नव्हतीच. तिला हे सगळं मान्य होतं. फक्त त्याचा आणि मोजण्याचा तिच्या लेखी काही संबंध नव्हता. भांडायचं कशाशी, तेच कळेना. मी उठून आत गेले आणि सरांनी सुचवलेली ओळ काढून टाकली.

पुढचे पाच दिवस मी महाविद्यालयातून रजा घेतली. तक्ता तीन फोडून त्याचे तीन रकाने केले. घरानं सांगितलेली माणसं, काल जेवलेली माणसं, आणि जेवलेली पण न सांगितलेली. पद्धतीच्या भागात मी सरळ लिहिलं, की पहिल्या पाहणीत ह्या स्त्रिया नजरेसमोर असूनही पाहणाऱ्या व्यक्तीने त्यांची नोंद केली नाही, कारण ती त्याच समाजरीतीत वाढलेली आहे. दुसऱ्या तज्ज्ञांच्या सातव्या मुद्द्याला उत्तर द्यायचं होतं. नेमके काय पाहिले? तिथं मी बराच वेळ अडले आणि शेवटी टिपणवहीतलं, एका बाईनं पाणी आणून दिल्याचं वाक्यच उतरवलं. शीर्षकाबद्दल मला शेवटपर्यंत खात्री नव्हती, आजही नाही. सोमवारी दुपारी निबंध पाठवला. सरांना नंतर कळवलं. ते म्हणाले, "पाठवलात ना, आता बघू." म्हणजे ते खूश नव्हते.

दीड महिन्यानं उत्तर आलं. निबंध स्वीकारला होता. पहिल्या तज्ज्ञांनी अजूनही थोडा कापा म्हटलं होतं. प्रबंध जमा होणार होता. मला आनंद झाला आणि त्याच वेळी त्या दिवशीचा आईचा गोंधळलेला चेहरा आठवला, आणि मग आनंद नेमका कशाचा झाला तेही कळेनासं झालं.

छापील अंक टपालानं पाठवायचा म्हणून त्यांनी एक फॉर्म भरून मागितला होता. नाव, पद, कायमचा पत्ता. नाव आणि पद भरलं. तिसऱ्या जागी हात थांबला. विद्यापीठातल्या नोंदणीवर, आधार कार्डावर, सगळीकडं अजून सासरचाच पत्ता आहे. बदलायचं कधी धाडसच केलं नव्हतं, किंवा कुणी विचारलं नव्हतं.

आई दारात पाय पसरून बसली होती. मी आतूनच म्हटलं, "आई, कायमचा पत्ता मागतायत. कुठला देऊ?"

"हे काय इचारनं झालं?" ती मान न वळवता म्हणाली. "हितला दे की. तिकडं कोन हाय तुजं?"